बत्तीस दातांची चक्री

दर सोमवारी मडगावहून सायकलने मंगेशीला जावे आणि संध्याकाळची पालखी पाहून परतावे, असा आमचा गेल्या अनेक वर्षांचा नेम आहे. या नेमात भक्ती किती आणि हौस किती, हे त्या मंगेशालाच ठाऊक! जाताना अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर. बोरीचा पूल ओलांडला की पहिली चढण लागते आणि फोंडे मागे टाकले की दुसरी, फर्मागुडीची. तारुण्यात या दोन्ही चढणी आमच्या खिजगणतीतही नव्हत्या. साठी उलटल्यावर मात्र बोरी मनात भरू लागली आणि फर्मागुडी गुडघ्यात.

आमची सायकल शर्यतीच्या घडणीची. पुढे बावन्न आणि एकोणचाळीस दातांची दोन चेनव्हीले. मागे आठ चक्र्यांची कॅसेट, तिची सर्वांत लहान चक्री बारा दातांची आणि सर्वांत मोठी पंचवीसची. सायकलचा हिशेब साधा आहे. पुढचे दात भागिले मागचे दात, गुणिले चाकाचा घेर. आमच्या चाकाचा घेर दोन मीटरांहून किंचित अधिक. तेव्हा अगदी हलक्या गिअरवरही, एकोणचाळीस-पंचवीसवर, पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वातीन मीटर पुढे जाणार. सपाटीवर हे वैभव. चढणीवर हाच छळ.

डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले आणि म्हणाले, "सायकल सोडा, नाहीतर गिअर हलका करा." मोठी चक्री बसवणे म्हणजे वार्धक्याच्या कागदावर सही करणे, असे आम्हांला वाटे. आमच्या अहंकाराला पूर्वपीठिका आहे, हे नंतर वाचनात आले. फ्रान्समध्ये सेंट-एतिएन गावी पॉल द व्हिव्ही नावाचे गृहस्थ होते. 'वेलोसिओ' या टोपणनावाने ते ओळखले जात. अनेक गिअरांच्या सायकलीचा त्यांनी जन्मभर पुरस्कार केला. १९३० साली ते वारले. तरीही १९०३ साली सुरू झालेल्या टूर द फ्रान्स शर्यतीने गिअर बदलणाऱ्या डिरेलरला मोकळीक दिली ती १९३७ साली. चक्री बदलून चढण सोपी करणे हे खऱ्या गड्याला शोभत नाही, ही समजूत आमच्या एकट्याची नव्हती, एवढाच त्यातला दिलासा.

अखेर गुडघ्यांनी अहंकारावर मात केली. आम्ही अकरा ते बत्तीस दातांची नवी कॅसेट आणली, जुनीचे लॉकरिंग सोडवून ती बसवली, आणि एवढ्यावर काम झाले असे मानले. आमची चूक झाली ती इथेच.

सायकलचा एक भाग बदलणे म्हणजे एकत्र कुटुंबात नवी सून आणण्यासारखे आहे. तिची पत्रिका एकाशी जुळून भागत नाही. घरातल्या साऱ्यांशी पटावे लागते. डिरेलरच्या खालच्या हाताचे काम चेनची सैल उरलेली लांबी ओढून धरण्याचे. ती सैल किती, याचाही हिशेब आहे: पुढच्या दोन चेनव्हीलांतल्या दातांचा फरक अधिक मागच्या थोरल्या-धाकट्या चक्र्यांतला फरक. आमच्याकडे पूर्वी तेरा अधिक तेरा, म्हणजे सव्वीस होते. आता तेरा अधिक एकवीस, म्हणजे चौतीस झाले. आमच्या आखूड हाताच्या डिरेलरची ताकद एकोणतीसांचीच होती. चेनही जुन्याच लांबीची. यांतले काहीएक आम्ही पाहिले नाही.

नवी कॅसेट बसवली आणि बत्तीसच्या चक्रीवर चेन चढताच घरघर ऐकू येऊ लागली. वास्तविक ही घरघर डिरेलरची वरची पुली मोठ्या चक्रीच्या दातांना घासत असल्याची होती. तिच्यावर उपाय म्हणजे पुलीला चक्रीपासून खाली ढकलणारा मागचा स्क्रू थोडा आवळणे. आम्हांला मात्र वाटले की डिरेलर आत पुरेसे जात नाही. म्हणून डिरेलरची आतली हद्द ठरवणारा स्क्रू आम्ही चांगले दोन फेरे सैल केला. ती हद्द असते ती चेन मोठ्या चक्रीपलीकडे आऱ्यांत जाऊ नये म्हणून. अंगणात मागचे चाक उचलून फिरवून पाहिले. चेन जागेवर राहिली. आवाज तसाच होता, पण दिवेलागण झाली होती. "राहू दे," आम्ही मनाशी म्हणालो.

पुढच्या सोमवारी आम्हांला ताप होता. नेम चुकू नये म्हणून आमचा पुतण्या म्हणाला, "काका, तुमच्या बदली मी जातो." वडील बंधूंच्या मागे तो आणि वहिनी आमच्याबरोबरच राहतात. त्याला एकुलता एक म्हणणे पुरेसे नाही. वहिनींचा तो सारा संसार आहे. आम्ही आनंदाने सायकल दिली आणि वर उपदेशही केला, "फर्मागुडीला मोठी चक्री लाव, त्रास होणार नाही."

त्याने आमचा उपदेश तंतोतंत पाळला. अंगणात चाक मोकळे होते. चढणीवर पायांचा सारा भार चेनवर होता. चेन बत्तीसच्या चक्रीवर थांबली नाही, ती पलीकडे गेली आणि चक्री व आरे यांच्या फटीत पडली. पाठोपाठ डिरेलर आऱ्यांत ओढले गेले, मागचे चाक जागीच आवळले, आणि पुतण्या रस्त्याच्या मधल्या बाजूस कोसळला. मागून येणाऱ्या ट्रकने वेळीच ब्रेक लावला. हंसळीचे हाड मोडण्यावर भागले. सहा आठवडे हात गळ्यात होता.

वहिनी आम्हांला एक शब्दही बोलल्या नाहीत. त्या बोलत्या तर बरे झाले असते.

मोडकी सायकल घेऊन आम्ही एका वृद्ध मिस्त्रीकडे गेलो. घडले ते सारे न लपवता सांगितले. त्याने पान्याला हात लावण्यापूर्वी सायकलच्या मागे बसून नुसते पाहिले. डिरेलर ज्यावर टांगलेले असते तो हँगर आत वाकला होता. "पहिले हे," तो म्हणाला. हँगर चाकाच्या धावेशी समांतर नसेल तर पुढचे सारे स्क्रू खोटे बोलतात.

त्यानंतरचा क्रम त्याने आमच्याच हातून करवून घेतला. प्रथम तार सोडायची आणि बाहेरची हद्द लावायची: डिरेलरची वरची पुली सर्वांत लहान चक्रीच्या बरोबर खाली. मग हाताने डिरेलर आत ढकलून आतली हद्द: पुली सर्वांत मोठ्या चक्रीखाली यावी आणि तिथेच अडावी, केसभरही पुढे जाऊ नये. या दोन हद्दी ठरल्यावरच तार जोडायची. आठ चक्र्यांच्या कॅसेटमध्ये एका चक्रीपासून दुसरीचे अंतर जेमतेम पाच मिलिमीटर. तेव्हा तारेचा ताण बदलायचा तो बॅरलच्या पाव-पाव फेऱ्याने. चेन मोठ्या चक्रीवर चढायला कां-कू करत असेल तर ताण वाढवायचा, लहानीवर उतरायला आळस करत असेल तर कमी करायचा. आम्ही सवयीने अर्धा फेरा दिला की तो मान न उचलता म्हणे, "इल्लें इल्लें, बाब!" शेवटी मागचा स्क्रू आवळून पुली मोठ्या चक्रीपासून पाचसहा मिलिमीटर दूर केली. घरघर ज्या स्क्रूने थांबायची तो आम्ही त्या संध्याकाळी पाहिलासुद्धा नव्हता!

भागांची निवडही त्याने नव्याने करायला लावली. पुढे पन्नास-चौतीसची चेनव्हीले घेतली. सोळा अधिक एकवीस, म्हणजे सदतीसांचा भार पेलणारे लांब हाताचे डिरेलर घेतले. चेन डिरेलरमधून न ओवता पुढच्या व मागच्या सर्वांत मोठ्या चक्रांवरून फिरवून मापली आणि वर दोन कड्या राखल्या. जुनी चेन त्याने पट्टीवर धरून दाखवली. नव्या चेनच्या चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरतात. एक षोडशांश इंचाने जास्त भरल्या की ती बदलावी, एरवी ती नव्या चक्र्यांचेही दात खाते. चेन लांबते ती लोखंड ताणल्याने नव्हे, तर आतल्या पिना झिजल्याने; हे आम्हांला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते.

आता चौतीस-बत्तीसवर एका फेऱ्यात सायकल सव्वादोन मीटर जाते. पूर्वीपेक्षा एक मीटर कमी. हा एक मीटर द्यायला आम्ही वेळीच राजी झालो असतो, आणि दिल्यावर घाई केली नसती, तर एका मुलाचे हाड मोडले नसते. पालखी वाहणारे भोई एकमेकांच्या खांद्यांची उंची पाहून उभे राहतात. एकच खांदा बदलला तरी बाकीचे आपली जागा पुन्हा जुळवून घेतात. मगच पालखी उचलतात. दर सोमवारी हे दृश्य आमच्या डोळ्यांसमोरून जात होते, आणि आम्ही हात जोडून नुसते पाहत होतो.

पुतण्याचा हात बरा झाला. त्याने आपल्यासाठी सायकल घेतली आणि गेल्या सोमवारी तोही आमच्याबरोबर निघाला. वहिनी दारात आल्या. त्या दिवसानंतर प्रथमच त्यांनी सायकलकडे पाहिले आणि विचारले, "भावजी, आता नीट आहे ना?"

पूर्वी आम्ही लगेच "हो" म्हटले असते. या खेपेस आम्ही दोन्ही सायकली पुन्हा अंगणात घेतल्या, मागची चाके उचलली, प्रत्येक चक्रीवर चेन चढवून-उतरवून पाहिली, मोठ्या चक्रीवर असताना डिरेलर हाताने आत रेटून पाहिले. ते जागचे हलले नाही. वहिनी तोवर उभ्या होत्या.

निघायला अर्धा तास उशीर झाला. फर्मागुडीवर पुतण्या पुढे गेला आणि माथ्यावर थांबला. आम्ही बत्तीसच्या चक्रीवर, चालत्या माणसाच्या गतीने, मागून पोचलो. पालखी देवळाबाहेर निघाली तेव्हा आम्ही दोघेही तिथे होतो.