कार्ल्याचे लेणे आणि गंगाराम तांबट

लोणावळ्याला गेलो की भुशी धरण आणि येताना चिक्की, एवढाच आपला बेत असतो. या वेळी जोहरची नमाज अदा करून आम्ही मुलांना घेऊन कार्ल्याला निघालो. फाट्यावरून वेहेरगाव, मग पायऱ्या. एकवीरेच्या भाविकांच्या गर्दीतून वाट काढत लेण्यात शिरलो, तर आत एकदम गारवा आणि शांतता.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्खूंसाठी अखंड कातळात कोरलेले हे सभागृह. खांब 37, आणि छताला त्या काळच्या लाकडी कमानी आजही टिकून आहेत. खांबांवर दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत ‘यवन’ म्हणवणारे परदेशीही आहेत. दर्शनी भागात धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचे नाव आहे. सुताराचे नाव दगडावर! मुले थक्क झाली.

तेव्हा आम्ही त्यांना पुण्याच्या गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट यांची गोष्ट सांगितली. पेशवाईत इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट पुण्यात होता. त्याच्यासाठी गंगाराम चित्रे काढी. 1790 मध्ये त्याने पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातला गेंडा रंगवला. पैलवान काढले, पर्वती काढली, कार्ला आणि वेरूळची लेणीही काढली. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराबरोबरही त्याने काम केले. पुढे 1803 मध्ये विलायतेत वेरूळच्या चित्रांचा ग्रंथ निघाला, त्यावर नाव वेल्सचे. गंगारामची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहालयात जपलेली आहेत, पण इथे पुण्या-मावळात त्याचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

‘‘मग त्याला कोणी विचारलंच नाही?’’ धाकटीने विचारले. आम्हाला घरची तांब्याची देग आठवली. तिच्यावर दादीचे नाव कोरलेले आहे. ती ठोकून घडवणाऱ्या तांबटाचे नाव मात्र आम्हीही कधी विचारले नव्हते.

मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. मजुरी आपण देतोही. पण कारागिराला त्याचे नाव विचारणे, ते लक्षात ठेवणे, हाही त्याचा हक्कच नाही का?

उतरताना धाकटीने वहीत एक खांब काढला होता. खाली नाव लिहिले होते, सामी. शेजारी गंगाराम. आणि सर्वांत खाली, बारीक अक्षरात, स्वतःचे.