गप्प बसलेला गडी

शनिवारी रात्री आमच्या फ्लॅटवर पत्ते रंगतात. तीनपत्ती नव्हे हो, 'मॅजिक द गॅदरिंग'! १९९३ साली रिचर्ड गारफिल्डने काढलेला खेळ. आम्ही त्यातला 'कमांडर' खेळतो. चार जण, प्रत्येकी शंभर पत्ते आणि चाळीस लाइफ. कुणी कुणाचा पार्टनर नाही, सगळी मजा तिथंच.

गेल्या आठवड्यात समोर बसलेल्या रूममेटने टेबलावर भलामोठा ड्रॅगन उतरवला होता. आधी त्याने मला पाचचा फटका दिला होता, ते डोक्यात होतंच. माझ्याकडे उडवायचा पत्ता एकच. उडवला ड्रॅगन! डावीकडचा मित्र तेवढ्या वेळात हातात सात पत्ते धरून चहा पीत होता. पुढच्याच पाळीला त्याने आम्हा तिघांना साफ केलं. रूममेट म्हणाला, "गाढवा, मी त्याच्यावर जाणार होतो."

त्या ड्रॅगनने मला मारायला अजून तीन पाळ्या लागल्या असत्या. एवढा हिशोब मला येत नाही? येतो की. इंजिनिअर आहे मी! पण राग आला की माणूस मोजत नाही, शोधतो फक्त.

गेवराईला आजीसोबत पाच-तीन-दोन खेळायचो. तीस पत्ते, तीन गडी. ज्याचे हात जास्त झाले तो पुढच्या डावात कमी पडलेल्याचे पत्ते ओढणार. मी कायम थोरल्या भावाच्या मागे, कारण तो चिडवायचा. आजी म्हणायची, "वरडणाऱ्याकडं काय बघतो? गप बसलंय त्याच्याकडं बघ." गप्प अर्थात तीच असायची.

आमच्या तालुक्यातच गोदाकाठी राक्षसभुवन आहे. लोक शनीच्या दर्शनाला जातात. १० ऑगस्ट १७६३ ला तिथं माधवराव पेशव्यांनी निजामाला हरवलं. नदीला पूर, निजाम पलीकडे उतरलेला, आणि अलीकडे राहिलेल्या फौजेसह त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. पण मला त्यातले नागपूरकर जानोजी भोसले आवडतात, म्हणजे खेळाडू म्हणून. आधी निजामाकडे. मग ३२ लाखांच्या मुलखाच्या बोलीवर लढाईआधी बाजूला झाले. पेशव्यांनी त्या घटकेला खरा धोका कोण ते ओळखलं आणि पुणं जाळणाऱ्या माणसाशीही बोलणी केली. नाहीतर १७६६ मध्ये तेच पेशवे निजामाला बरोबर घेऊन जानोजींवर चालून गेले! टेबल तेच, पाळी वेगळी.

असो. हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे.

आमचे अण्णा आणि काका आठ वर्षं बोलत नाहीत. बांध दोन हातांचा. मीही एवढी वर्षं काकांनाच शत्रू धरून बसलो होतो. मागच्या महिन्यात सातबारा काढायला गेलो तेव्हा कळलं, कोर्टाच्या तारखांसाठी दोघांनीही एकेक एकर विकलाय. दोन्ही एकर घेणारा माणूस एकच. कधी मोठ्याने बोललेला आठवत नाही तो.

रविवारी सकाळी काकांना फोन लावला. नंबर सेव्ह असणार, तरी "कोण?" म्हणाले. मी नाव सांगितलं. मग बराच वेळ कुणीच काही बोलेना. शेवटी मी विचारलं, पाऊस आहे का तिकडं? म्हणाले, "हाये थोडा." तेवढंच झालं.

दिवाळीला जाताना पत्ते नेणार आहे. ड्रॅगनवाले नाहीत, साधेच. पाच-तीन-दोनला तिसरा गडी लागतोच.