मुलांसोबत एक दिवस: दौलताबाद आणि खुलताबाद

सुट्टीचा दिवस आला की मुले विचारतात, "अब्बू, आज कुठे जायचं?" लांबच्या सफरीला पैसा लागतो, रजा लागते. म्हणून बहुतेक घरांत रविवार मोबाइलवर नाहीतर बाजारात संपतो. पण छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादहून वेरूळकडे जाणारा रस्ता जेमतेम 30 किलोमीटरचा आहे. त्यावरचा एक दिवस मुलांना जे देऊन जातो, ते वर्गात महिनाभर शिकवूनही हाती लागत नाही. जमिनीवर फिरा आणि पाहा, अशी ताकीद कुरआनात अनेक ठिकाणी आली आहे. सूरह अन्कबूतची 20 वी आयत त्यांपैकीच एक. पाहण्याची ही सवय लहानपणीच लागावी.

पहिली गोष्ट, ठिकाणे कमी ठेवा. एकाच दिवशी किल्ला, खुलताबाद, वेरूळची लेणी आणि बीबी का मकबरा असा बेत आखला, तर मुलांच्या लक्षात फक्त गाडीतली उलटी राहते. सकाळी दौलताबाद, दुपारी खुलताबाद, एवढे पुष्कळ झाले. वेरूळच्या 34 लेण्यांना दुसरा पूर्ण दिवस द्या. तो मंगळवार नसावा, कारण मंगळवारी लेणी बंद असतात.

दुसरी गोष्ट, नमाजच्या वेळांनाच दिवसाचे वेळापत्रक करा. फजर पढून निघायचे, उन्हाआधी किल्ला चढायचा, जोहर खुलताबादला पढायची. थंडीत असर लवकर येते, तेव्हा परतीची वेळ आधीच ठरवून ठेवा. शहरातून निघणाऱ्यांसाठी ही शरई सफर होत नाही. हनफी मसलकात कसरसाठी अंतर साधारण 77-78 किलोमीटर धरतात. त्यामुळे नमाज पूर्ण पढायची. पुणे, बीड, जळगावहून येणाऱ्यांनी आपल्या इमामसाहेबांना विचारून निघावे. जानमाज, पाण्याची एक जादा बाटली आणि मुलींसाठी जादा ओढणी पिशवीत असू द्या.

मुलांना कामे वाटून द्या. एकाकडे खर्चाचा हिशेब, दुसऱ्याकडे पाणी, तिसऱ्याकडे टॉर्च. सफरची दुआ सगळ्यांत लहान मुलाने म्हणावी, बाकीच्यांनी त्याच्यामागून. घाटात मळमळणाऱ्या मुलाला रिकाम्या पोटी नेऊ नका आणि पोट गच्चही भरू नका. घरची पोळी-भाजी किंवा कोरडा खिमा बांधून घेतला तर खर्च निम्मा होतो. शहरात परतल्यावर नान-खलिया खाण्याचे वचन द्या, मुले कुरकुर करत नाहीत. मोसम असेल तर रस्त्याच्या कडेला टोपल्यांत सीताफळे मिळतात. ओळखपत्रे सोबत ठेवा. किल्ल्यात 15 वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही.

आता किल्ला. हा यादवांचा देवगिरी. 1327 च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीहून राजधानी इथे हलवली आणि नाव दौलताबाद झाले. पुस्तकात हा प्रसंग सुलतानाचा वेडेपणा म्हणून येतो. पण त्या काफिल्यांत उलेमा, सूफी, शिपाई, कारागीर असे कितीतरी लोक होते. राजधानी परत गेली तरी त्यांतले पुष्कळ जण इथेच राहिले. त्यांची बोली इथल्या मराठीत मिसळली आणि दखनी घडत गेली. आपल्या घरात दादीअम्मा "नक्को" म्हणते, "आताच आई" म्हणताना "च" लावते, ते मराठीकडून आलेले आहे. हे किल्ल्याच्या दारात उभे राहून सांगा. आपली घरची बोली कुठून आली, हे मुलांना समोर दिसते.

आत शिरल्यावर जुन्या जामा मशिदीचे खांब दिसतात. ते आधीच्या मंदिरांचे आहेत. आज त्याच इमारतीत भारतमातेची मूर्ती आहे. मुले विचारतीलच. उत्तर सरळ द्या: खिलजींनी मंदिरांचे खांब वापरून मशीद बांधली आणि पुढे त्या जागेचा वापर पुन्हा बदलला. लपवून ठेवलेली गोष्ट मुलाला शाळेत दुसऱ्याच्या तोंडून कळते, तेव्हा ते आपल्यावरचाही विश्वास गमावते.

समोर बहामनी सुलतान अलाउद्दीनने पंधराव्या शतकात उभारलेला चांद मिनार आहे. दादी-नानींना चढ झेपत नसेल तर त्यांनी खालीच सावलीत बसावे. पुढे चिनी महाल लागतो. गोवळकोंड्याचा शेवटचा बादशहा अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने 1687 मध्ये राज्य जिंकल्यावर इथे कैदेत ठेवले. मोठ्या मुलांना इथे थांबवा. कैद करणारा मुसलमान, कैदीही मुसलमान. मग लढाई कशासाठी होती? उत्तर आपण देऊ नये, त्यांना बोलू द्यावे. मेंढा तोफेवर फारसी अक्षरे कोरलेली आहेत. उर्दू शिकणारी मुले त्यांतली अक्षरे ओळखू लागली की तोफेपासून हलत नाहीत. त्यापुढची अंधारी म्हणजे वटवाघळांच्या वासाचा काळोखा भुयारी जिना. टॉर्च लागतेच. लहान मूल घाबरले तर तिथूनच मागे फिरा, माथा गाठलाच पाहिजे असे नाही.

खुलताबाद तिथून थोडे पुढे, घाट चढून गेल्यावर. जुने लोक त्याला रौजा म्हणतात. हजरत निजामुद्दीन औलियांचे खलिफा बुऱ्हानुद्दीन गरीब यांची दर्गाह इथे आहे. 'फवाइदुल फुआद' लिहिणारे शायर अमीर हसन सिज्जी इथेच दफन आहेत. समोरच्या जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्गाहच्या आवारात औरंगजेबाची कबर आहे, वर छत नसलेली, मातीची. गावाबाहेर मलिक अंबरची कबर आहे, दगडी घुमटाखाली. अंबर हबशाहून गुलाम म्हणून विकला गेला आणि निजामशाहीचा वजीर झाला. आपल्या मुलांना हजरत बिलाल माहीत असतात, त्यामुळे हबशा म्हटले की ती कान टवकारतात. याच अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली, तेच आजचे शहर, आणि नहर-ए-अंबरीने त्याला पाणी आणले. बादशहा उघड्या मातीत आणि एके काळचा गुलाम घुमटाखाली, हा फरक मुले स्वतः टिपतात.

औरंगजेबाच्या नावावरून आपल्या मुलांना वर्गात काहीबाही ऐकावे लागते. शिक्षक म्हणून मी एवढेच सांगेन की त्याची वकिली करणे हे मुलाचे काम नाही आणि त्याच्या वाट्याचा राग झेलणे हेही नाही. 1689 मध्ये त्याने संभाजी महाराजांना ठार केले, हे मुलाला आपल्याकडूनच कळले पाहिजे. आणि हेही कळले पाहिजे की 1624 मध्ये भातवडीच्या लढाईत शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूने मोगलांविरुद्ध लढले, त्यांचे बंधू शरीफजी त्याच रणात पडले. शाह शरीफ या बुजुर्गांच्या नावावरून मालोजीराजांनी मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा सांगतात. चौथीच्या पुस्तकातले ते भोसल्यांचे वेरूळ खुलताबादहून चार-पाच किलोमीटरवर आहे. ज्या मुलाने हे पायांनी चालून पाहिले, त्याला "हा इतिहास तुमचा नाही" असे कोणी म्हटले तर ते गोंधळत नाही आणि भांडतही नाही. त्याच्याजवळ सांगायला काहीतरी असते.

कबरींजवळ मुलांना आदब शिकवा. आवाज खाली, फोटोची घाई नको, मरहूमांसाठी दुआ. पोलीस किंवा मुजावर काही सांगतील ते ऐकावे, वाद घालू नये.

घरी आल्यावर निबंध लिहायला लावू नका, त्याने पुढच्या सफरीची गोडी जाते. हिशेबाची वही मात्र बघा. किती खर्च झाला, काय उगाच घेतले, पुढच्या वेळी काय वाचवता येईल, हे मुलांनीच सांगावे. आणि पुढचा रविवार कोणता, तेही त्यांनाच ठरवू द्या.