अंगण

दुकानातल्या मुलाने माझा कॅमेरा संगणकाला जोडला आणि वाण्याने हिशेब मांडावा तसा चिठ्ठीवर आकडा लिहिला : १,४१,३०६. त्याखाली एक्स्चेंजमध्ये मिळणारी रक्कम. ती वाचून वाईट वाटायला हवं होतं, पण मी वरच्याच आकड्यावर अडकलो. इतक्या वेळा मी बटण दाबलं?

“शटर काउंट,” तो म्हणाला. “कंपनीने दीड लाखापर्यंत तपासलेलं असतं. पुढेही चालतं म्हणा, पण...” आणि त्या ‘पण’पाठोपाठ काचेच्या कपाटातून नवा कॅमेरा बाहेर आला.

घरी चिठ्ठी दाखवली. “म्हणजे स्कूटरचं रनिंग,” बायको म्हणाली, आणि तिने ती फ्रिजवर लावून टाकली. स्वयंपाकघराच्या ओट्याच्या कोटेशनशेजारी, त्याच चुंबकाखाली. पुढे बोलली काहीच नाही.

दहा वर्षांत एवढ्या वेळा बोट दाबलं, त्यातले भिंतीवर आलेले फोटो तीन. बाकीच्यांत शेपटाची टोकं, गवत, आभाळ आणि फांद्या. नुकत्याच रिकाम्या झालेल्या फांद्यांचा एवढा संग्रह महाराष्ट्रात दुसऱ्या कुणाकडे नसावा. प्रत्येक फांदीमागे माझी एक सबब तयार असते. २०१५ सालचं मॉडेल, सेकंदाला जेमतेम सहा फोटो. बोट दाबून धरलं की तीनेक सेकंदांत त्याला दम लागतो, आणि पक्षी नेमका चौथ्या सेकंदाला उडतो. संध्याकाळी आयएसओ ३२०० च्या पुढे गेलं की आभाळाचा रवा होतो. खोटं नाही यातलं काही. पण दहा वर्षं मी अंगण वाकडं म्हणत आलो, आणि आता हा मुलगा ते सपाट करून द्यायला निघालाय, अठरा हप्त्यांत. मग वाकडं काय राहील, ते मला चांगलं ठाऊक आहे.

नवे कॅमेरे थोर आहेत, वाद नाही. पक्ष्याचा डोळा स्वतः शोधतात, पानांआड गेला तरी सोडत नाहीत. निकॉनने तर २०२१ च्या झेड ९ मधून यांत्रिक शटरच काढून टाकलं. आवाज हवा असेल तर तो स्पीकरमधून येतो. मला ते चहात साखरेऐवजी गोळी टाकल्यासारखं वाटतं. ताडोबात एका वाघापुढे दहा जिप्सी उभ्या राहतात आणि लाह्या फुटाव्यात तसा खटखटाट सुरू होतो, तेव्हा मात्र वाटतं, सगळ्यांना हे मुके कॅमेरे मिळोत. (मला स्वतःला वाघापेक्षा वारकरी आवडतो. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा, आणि पाण्यात दिंडीसारखी रांग. नाव ठेवणाऱ्याला दंडवत.)

एक सोय मात्र जिवाला चटका लावून गेली. बटण अर्धं दाबून ठेवायचं. कॅमेरा आतल्या आत फोटो घेत राहतो, पुसत राहतो. तुम्ही पूर्ण दाबलंत की मागचा अर्धा-एक सेकंदही हाती देतो. ऑलिंपसच्या कॅमेऱ्यात हे २०१६ सालीच होतं, मला कळलं आत्ता. माणसाचं बोट डोळ्याच्या पाव सेकंद मागे असतं. खंड्याने सूर मारलेला दिसतो, बोट हलतं, आणि फोटोत येतात पाण्यावरची वर्तुळं. असली वर्तुळंही माझ्याकडे पुष्कळ आहेत.

भिगवणचे आमचे नाववाले मामा हे काम बॅटरीशिवाय करतात.

पहाटे चारला पुण्याहून निघालं की उजाडताना कुंभारगावच्या काठावर पोचता येतं. फोटोवाल्यांची गर्दी रोहितांच्या नावांकडे पळते. मी मामांना म्हणतो, कवड्या दाखवा. मामा मूळचे मासेमार, रात्री चिलापीची जाळी टाकणारे. इंजिन बंद करून ते कळकाने नाव अशी सरकवतात की पाण्याला कळत नाही. कवड्या खंड्या मैनेएवढा, काळापांढरा. तो पाण्यावर अधांतरी थांबतो. पंख इतके फडफडतात की दिसेनासे होतात, आणि डोकं मात्र खिळ्याला टांगल्यासारखं स्थिर, चोच सरळ खाली. मी सव्वादोन किलोची लेन्स पेलत, श्वास धरून. आणि मागून आवाज येतो, “पडतोय बगा.” मग तो पडतो. आधी आवाज, मग पक्षी. कधी मामा गप्प राहतात. तेव्हा खंड्या खरोखरच सूर न मारता पुढे सरकतो.

“कसं कळतं मामा?”

“त्यात काय कळायचंय?” म्हणाले आणि कळक उचलला.

मी बराच काळ त्यांच्या आवाजावर बटण दाबून पाहिलं. भिंतीवरच्या तिनांतला एक तसाच आला. पाहुणे माझं कौतुक करतात आणि मी करू देतो.

गेल्या फेब्रुवारीत परत फिरताना मामांनी मधेच नाव थांबवली. आजूबाजूला पक्षी नव्हता. त्यांनी पलीकडच्या काठावरची बाभळ आणि विजेचा टॉवर एका रेषेत आणला, थोडं मागे घेतलं, पुन्हा पाहिलं. १९८० साली उजनी धरण पुरं झालं, भीमेचं पाणी गावागावांतून शिरलं, तेव्हा मामा सात-आठ वर्षांचे होते. पाणी फार उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, ते बघायला लोक येतात. यांचं घर कोण बघायला येणार?

“हितं आमचं आंगान,” मामा म्हणाले. “आई मिरच्या वाळू घालायची. आमी राखन बसायचो, कोंबड्या हाकत.”

मी वाकून पाहिलं. हिरवट पाणी, त्यात माझीच टोपी. काय करावं सुचेना, म्हणून कॅमेरा उचलला आणि त्याला दम लागेपर्यंत बोट दाबून धरलं. नुसतं पाणी. ते अठराही त्या १,४१,३०६ मध्ये आहेत.