दीवला जा, पण सावकाश!

पाठीवर सॅक टाकून भटकणाऱ्यालाही एखाद्या गावी नुसतं लोळावंसं वाटतंच की! सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाचं दीव बेट हे असं गाव. उन्याहून बसनं निघा, खाडीवरचा पूल ओलांडा, की आलंच. मग भाड्याची सायकल घ्या आणि घड्याळ सॅकमध्ये टाका. वाटेत होका नावाचे ताड दिसतील. आपल्या ताडाला फांद्या नसतात, याला असतात, बरं का!

पोर्तुगीजांनी १५३५ मध्ये बांधायला घेतलेला किल्ला सगळेच बघतात. तुम्ही तटाबाहेरच्या नायडा गुहाही बघा. किल्ल्यासाठी दगड काढता काढता या तयार झाल्या, असं सांगतात. भिंतींवर छिन्नीचे घाव, छताच्या भगदाडांतून उतरलेलं ऊन, लोंबणारी मुळं. म्हणजे किल्ला इथूनच उचलून तिकडे नेला म्हणा ना! तो दगड फोडला कुणी, त्यांची नावं सांगणारी पाटी मला तिथे दिसली नाही.

संध्याकाळी चक्रतीर्थाच्या किनाऱ्यावर बसा. समुद्र अगदी शांत. याच समुद्रात ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानी पाणबुडीनं आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला शेवटपर्यंत नौकेवरच राहिले. इथल्या स्मारकापाशी सहलीची काही मुलं दंगा करत आली आणि माहिती वाचून गप्प झाली. एकानं हळूच विचारलं, "सर, किनारा किती लांब होता हो?"

"चाळीस सागरी मैल."