बाहेर बसलेला कप्तान

मुलांनो, एक प्रश्न विचारू? तुमच्या वर्गाचा कबड्डीचा संघ निवडायचाय. कप्तान कोणाला कराल?

"त्यात काय विचारायचं? जो सगळ्यात भारी खेळतो त्याला!" असंच म्हणाल ना? आम्हीही तसंच म्हणायचो. आणि आमच्यात सगळ्यात भारी कोण खेळायचं? तर मी! निदान मला तरी तसं वाटायचं.

माझं गाव सातारा जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं. मी नववीत होतो तेव्हाची ही गोष्ट. चढाईला गेलो की एखाद-दुसरा गडी मारल्याशिवाय परत यायचो नाही. त्यामुळे सरांनी मला कप्तान केलं आणि माझी छाती अशी फुगली की विचारू नका! कप्तान म्हणजे काय, तर नाणेफेकीला पुढं जायचं आणि बक्षीस घ्यायला पुढं जायचं, एवढंच मला ठाऊक होतं.

त्या वर्षी आमचा सामना सांगलीला होता. पहाटेची एसटी पकडून आम्ही निघालो. आईनं माझ्या पिशवीत कंदी पेढ्यांचा पुडा ठेवला. म्हणाली, "जिंकलात की सगळ्यांना वाट." हरण्याचा प्रश्नच नव्हता. कप्तान कोण होता, सांगा बरं?

पहिल्या डावात आम्ही पुढं होतो. दुसऱ्या डावात मला हुक्की आली. बोनस रेषा ओलांडून गपचूप परत यायचं, तर मी गेलो थेट कोपऱ्यात, दोघांना मारायला! कोपऱ्यातल्या गड्यानं घोटा असा धरला की मध्यरेषा हातभर लांबच राहिली. झालं! कप्तान बाद.

आता कबड्डीची गंमत तुम्हाला माहीत आहेच. बाद झालेला गडी बाहेर बसतो. आपल्या संघानं समोरचा एक गडी बाद केला की आपला एक जिवंत होऊन आत येतो. जो आधी बाद झाला, तो आधी आत. म्हणजे कप्तान कितीही भारी असला, तरी तो 'मेला' की त्याला जिवंत करायला बाकीचेच लागतात!

पण मी काय केलं? मैदानाकडं पाठ फिरवून बसलो. मधूनच मान वळवून ओरडायचो, "अरे, धर की! झोपलास काय?" हे ओरडणं बहुतेक वेळा आमच्या संघातल्या सगळ्यात लहान मुलासाठी असायचं. त्याला आम्ही बारक्या म्हणायचो. बारक्या पकडीला चिवट होता, पण पुढं जाण्याआधी माझ्याकडं बघायची त्याला सवय होती. शेवटची चढाई आली. तो गडी आत घुसला, बारक्यानं माझ्याकडं पाहिलं... आणि माझी पाठ त्याच्याकडं! तो क्षणभर घुटमळला. तेवढ्यात चढाईवाला त्याच्या खांद्याला हात लावून पसार झाला. आम्ही एका गुणानं हरलो.

आणि मी सगळ्यांसमोर काय म्हणालो असेन? "तुझ्यामुळं हरलो!" बारक्या एक शब्द बोलला नाही. बुटाची नाडी बांधत बसला. ती बांधलेलीच होती.

परतीच्या एसटीत सर माझ्याशेजारी येऊन बसले. कराड येईपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाद झाल्यावर तू काय करत होतास?"

"बसलो होतो, सर."

"नुसतं बसायला कप्तान कशाला लागतो रे?"

बस्स, एवढंच. ते उठून पुढं गेले. मी बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिलो. मग पुडा काढला, बारक्याजवळ गेलो आणि म्हणालो, "माझं चुकलं. घे."

तो पेढ्याकडं बघून म्हणाला, "हरल्यावर पण पेढे वाटतात का?"

"वाटतात," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्या दिवसापासून मला एक सवय लागली. कुठलाही सामना असो, मी कप्तानाकडं बघतो. तो खेळत असतो तेव्हा तर सगळेच बघतात. मी बघतो तो काही करत नसतो तेव्हा!

ज्या सांगलीत मी हरलो, त्याच सांगलीत ११ मार्च १९१५ रोजी विजय हजारे यांचा जन्म झाला. भारत पहिली कसोटी खेळला १९३२ साली, पण पहिला कसोटी विजय मिळायला १९५२ चा फेब्रुवारी उजाडावा लागला. मद्रासला इंग्लंडला आपण एक डाव आणि ८ धावांनी हरवलं, तेव्हा कप्तान होते हजारे. आता त्या सामन्याचा धावफलक काढून बघा. शतकं कोणाची? पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांची. १२ बळी कोणाचे? विनू मंकड यांचे. कप्तानाचं नाव ठळक कुठंच नाही! पण आपल्या गड्यांना पराक्रम करता यावा, हे बघणं कप्तानाचंच काम की नाही?

आणि त्याच वर्षी जूनमध्ये लीड्सला काय झालं? दुसऱ्या डावात भारताची अवस्था ४ बाद ० धावा! चार गडी गेले आणि फळ्यावर भोपळा! फ्रेड ट्रूमन नावाचा नवा पोरगा आग ओकत होता. अशा वेळी हजारे मैदानात उभे राहिले. त्यांनी ५६ धावा काढल्या आणि दत्तू फडकरांबरोबर १०५ धावांची भागी केली. सामना आपण हरलो, पण लाज राखली. म्हणजे सगळं छान चाललेलं असताना मागं राहायचं आणि घर पेटलं की पुढं व्हायचं. मी नेमकं याच्या उलट केलं होतं!

आता सांगलीचीच दुसरी कप्तान. स्मृती मानधना! ती वाढली सांगलीजवळच्या माधवनगरात. मार्च २०१९ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या ट्वेंटी-ट्वेंटी मालिकेत ती पहिल्यांदा भारताची कप्तान झाली. वय अवघं २२. तिन्ही सामने हरले. तिसऱ्या सामन्यात तिनं स्वतः ५८ धावा काढल्या आणि बाद होऊन बाहेर बसली. शेवटच्या षटकात हव्या होत्या फक्त ३ धावा. झाली एक. एका धावेनं हार! एका गुणानं हरलेल्या माझ्यासारख्याला विचारा, काय वाटत असेल ते!

२०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाली. स्मृती रॉयल चॅलेंजर्सची कप्तान, आणि संघ पहिले पाचही सामने हरला. तोंड लपवून बसायला याहून चांगलं निमित्त मिळालं नसतं. पण १७ मार्च २०२४ ला तोच संघ अंतिम सामन्यात होता. दिल्लीच्या बिनबाद ६४ धावा झाल्या होत्या. मग सोफी मॉलिन्यूनं एकाच षटकात तिघींना घरी पाठवलं. श्रेयांका पाटीलनं चार बळी घेतले. दिल्ली ११३ मध्ये गारद आणि चषक स्मृतीच्या संघाकडं. इथंही बळी दुसऱ्यांचेच. पण चेंडू कधी, कोणाच्या हातात द्यायचा, हे ठरवणारी कप्तानच ना?

तिकडं कॅनडात बर्फावरची हॉकी खेळतात. कप्तानाच्या सदऱ्यावर इंग्रजी 'सी' अक्षर शिवलेलं असतं. त्या खेळात इतकी दमछाक होते की जेमतेम मिनिटभर खेळून गडी बाहेर येतात आणि दुसरे आत जातात. कप्तानही त्याला अपवाद नाही. एका तासाच्या सामन्यात अर्ध्याहून जास्त वेळ तो बाकावरच असतो! पण 'सी' अक्षर काही तो बाकावर बसताना काढून ठेवत नाही. शेजारच्या दमलेल्या गड्याशी तो काय बोलतो, आत चुकलेला पोरगा परत आला की त्याच्याकडं कसं बघतो, हाही त्याचा खेळच.

आता पुन्हा तोच प्रश्न. कप्तान कोणाला कराल? एक सोपी युक्ती सांगतो. जो बाद झाल्यावरही मैदानाकडं तोंड करून बसतो, त्याच्यावर नजर ठेवा.

आमच्या सरांनी तेच केलं. पुढच्या वर्षी त्यांनी कप्तान बदलला. कोणाला केलं, हे तुम्ही ओळखलंच असेल. हो, बारक्यालाच! पहिल्याच सामन्यात मी दोनदा बाद झालो. दोन्ही वेळा बारक्यानं पकड केली, माझ्याकडं वळून हात केला आणि ओरडला, "ये रे आत, झालास जिवंत!"