डोक्यावरचं आकाश कुणाचं?

अमेरिकेत घरावरचं आकाश नक्की किती उंचीपर्यंत घरमालकाचं, हा प्रश्न सुप्रीम कोर्टात पोचला तो कोंबड्यांमुळे. नॉर्थ कॅरोलिनात ग्रीन्सबरोजवळ कॉस्बी नावाच्या शेतकऱ्याचा कोंबड्यांचा धंदा होता. दुसऱ्या महायुद्धात शेजारच्या विमानतळावर लष्कराची विमानं उतरायला लागली, ती याच्या घरावरून जेमतेम ६७ फुटांवरून. कोंबड्या भेदरून भिंतींवर आपटायच्या आणि मरायच्या. अशा दीडशेक गेल्या, धंदा बसला, घरच्यांची झोप उडाली ती वेगळीच. १९४६ साली निकाल लागला. जमिनीचा मालक तोच पार आभाळापर्यंतचा मालक, हे जुनं तत्त्व आता चालायचं नाही. पण जमीन वापरताच येऊ नये इतक्या खालून आणि वारंवार उडत असाल तर ते जमीन घेतल्यासारखंच आहे, भरपाई द्या.

आता "इतक्या खालून" म्हणजे किती फूट? ते काही कोर्टाने सांगितलं नाही. आमच्या धंद्याच्या भाषेत, रिक्वायरमेंट अर्धवट ठेवून माल प्रॉडक्शनला गेला. तेव्हापासून लोक भांडताहेत.

हे सगळं वाचायची वेळ माझ्यावर आली कारण गेल्या उन्हाळ्यात आम्ही सॅन होजेच्या पूर्व भागात घर बघत होतो. एक टाउनहाऊस फार आवडलं. कागदपत्रांच्या गठ्ठ्यात एक सूचना होती. कॅलिफोर्नियात विमानतळाच्या परिसरातलं घर विकताना ती द्यावीच लागते: आवाज, हादरे, वास यांचा त्रास होऊ शकतो, तो आपल्याला चालेल का याचा खरेदीआधी विचार करा. एजंट म्हणाला, "फॉर्मॅलिटी आहे, सगळेच सही करतात." बायकोने पेन खाली ठेवलं. :-)

विमानतळ म्हणजे रीड-हिलव्ह्यू. १९३९ साली सुरू झाला तेव्हा आजूबाजूला फळबागा होत्या. १९६१ साली काउंटीने विकत घेतला, १९७१ साली शेजारी भलाथोरला मॉल आला, आणि बागांच्या जागी घरं. इथे मोठी प्रवासी विमानं येत नाहीत, छोटी सेसना येतात. बरीचशी शिकाऊ लोकांची.

योगायोग असा की आमच्या टीममधला एक नागपूरकर तिथेच विमान शिकतो. त्याला विचारलं, तर लगेच उसळला. "काय बे, विमानतळ आधी आला की घरं आधी आली? रुळाशेजारी घर घ्यायचं अन् गाडी शिट्टी मारते म्हणून ओरडायचं!" मग त्याने टच अँड गो समजावून सांगितलं. उतरायचं, चाकं टेकली की न थांबता पुन्हा फुल थ्रॉटल, साधारण हजार फुटांवर चौकोनी चक्कर मारून परत त्याच धावपट्टीवर. एका चकरेला पाच-सहा मिनिटं. उतरणं हीच सगळ्यात अवघड गोष्ट, ती शंभरदा केल्याशिवाय हातात बसत नाही. रात्री प्रवासी घेऊन उडायचं तर गेल्या ९० दिवसांत रात्रीची तीन उड्डाणं आणि तीन उतरणं झालेली असावी लागतात. म्हणजे रात्री जो घिरट्या घालतो तो बऱ्याचदा मस्ती करत नसतो, नियम पाळत असतो.

आम्ही शनिवारी परत घर बघायला गेलो तेव्हा शेजारच्या आजीबाई कुंपणापाशी भेटल्या. तीसेक वर्षं तिथेच राहतात. त्यांचं म्हणणं मला जास्त पटलं. विमानतळ आहे हे त्यांना घर घेताना माहीत होतं, जाणारं विमान जातं. "पण हे जातच नाही. तेच परत येतं." आम्ही चाळीस मिनिटं अंगणात होतो, तेवढ्यात चौदा विमानं मोजली. आवाज फार मोठा नाही हो. लॉन मोवरसारखा. पण पुढचा कधी येतो याची कान वाट बघत बसतात, त्याने डोकं उठतं. कुर्ल्याला मावशीकडे विमान आलं की बोलणं थांबायचं आणि गेलं की त्याच शब्दापासून पुढे सुरू व्हायचं. तिने तक्रार केली नाही कधी, आणि करणार तरी कुणाकडे?

इथेही खरी मेख तीच आहे. नियम सांगतो की वस्तीवर आसपासच्या सर्वात उंच गोष्टीच्या हजार फूट वरून उडा, विरळ भागात पाचशे. पण पहिलंच वाक्य म्हणतं, उड्डाण आणि उतरण्यापुरती सूट. धावपट्टीशेजारच्या माणसाला जो काही त्रास होतो तो नेमका त्या सुटीतच बसतो. बरं, गावाने रात्रीची बंदी घालावी? लॉस एंजलिसजवळच्या बरबँक शहराने रात्री ११ ते सकाळी ७ घातली होती. १९७३ साली सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती उडवली, कारण आकाश केंद्राचं. १९९० च्या कायद्याने नवे निर्बंध आणखी अवघड केले. आणि भरपाई? ती १९६२ च्या पिट्सबर्गच्या खटल्यापासून विमानतळ चालवणाऱ्याच्या माथी. जमीन एकाची, आकाश दुसऱ्याचं. तक्रार नोंदवून घ्यायला फोन नंबर मात्र असतो.

मग राग कुणावर निघतो? जो दिसतो त्याच्यावर. शेपटीजवळचा नंबर टिपायचा, सरकारी नोंदीत मालकाचं नाव-पत्ता शोधायचा, आणि त्याच्या घरी फोन. हे इतकं वाढलं की २०२४ च्या कायद्याने मालकाला आपली माहिती झाकून ठेवण्याची सोय दिली. पायलट म्हणतात, हा छळ. खरंच आहे. पण "आधी कोण आलं" हा त्यांचा युक्तिवाद मला लंगडा वाटतो. शहराने त्याच चौकोनाखाली घरांना परवानग्या दिल्या, काउंटीने केंद्राचं अनुदान घेतलं आणि त्याच्या अटींमुळे २०३१ पर्यंत विमानतळ चालू ठेवायला बांधली गेली. आजीबाई आणि नागपूरकर दोघांनाही यात कुणी विचारलं नव्हतं.

आमच्यासाठी निर्णय शेवटी आवाजावर झालाच नाही. या छोट्या विमानांच्या पेट्रोलमध्ये शिसं असतं, गाड्यांच्या पेट्रोलमधून ते १९९६ सालीच हद्दपार झालं तरीही. काउंटीने करवून घेतलेल्या २०२१ च्या अभ्यासात विमानतळाजवळच्या मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण जास्त दिसलं, आणि १ जानेवारी २०२२ पासून काउंटीने तिथे शिशाच्या पेट्रोलची विक्री थांबवली. दुसरीकडून भरून आलेलं विमान मात्र उतरू शकतं. लेक दहा महिन्यांची, दिसेल ते तोंडात घालते. नागपूरकराला सांगितलं तर तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "हे खरं आहे यार."

आम्ही ते घर सोडलं. नऊ दिवसांत विकलं गेलं, मागितलेल्या किमतीपेक्षा वर.